आदिवासींच्या आरोग्यहक्काच्या मोहिमा: यश मोजायचे कशाने?

नदीकाठ (धागाकर्ता)

आदिवासी समाजांनी स्वतः उभ्या केलेल्या आरोग्यहक्काच्या मोहिमांचे अहवाल वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. मोहिमेचा एखादा टप्पा संपतो, किंवा निधीची मुदत संपते, आणि मूल्यमापन म्हणून एक जाडजूड दस्तऐवज निघतो. त्यात सह्या किती जमल्या, सभा किती झाल्या, वृत्तपत्रांनी किती वेळा दखल घेतली आणि कोणत्या मंत्र्याने काय आश्वासन दिले, हे सारे तपशीलवार असते. पण ज्या माणसांसाठी हा खटाटोप झाला त्यांना दवाखान्याच्या दारात आता वेगळी वागणूक मिळते का, आणि मिळाली नाही तर निर्णय बदलून घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा सापडत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे की अशा मोहिमेचे मूल्यमापन करताना पहिली चौकशी निर्णयाच्या अधिकाराची आणि पैशाची व्हावी. तो अधिकार आणि तो पैसा समाजाकडे सरकला का, सरकला असेल तर टिकला का, आणि यशाची मोजपट्टी कोणी ठरवली होती? मृत्युदर आणि रोगांचे प्रमाण महत्त्वाचे आहेच, पण केवळ त्यावर निकाल दिला तर आपली मोठी फसगत होते, असे मला वाटते.

कॅनडातील एक प्रकरण यासाठी मुद्दाम तपशिलात मांडतो. मॅनिटोबा प्रांतातील नॉर्वे हाउस क्री नेशन या समाजातील जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मुलगा १९९९ मध्ये गुंतागुंतीचे आजार घेऊन जन्माला आला. पुढे डॉक्टरांनी त्याला घरी नेण्यास हरकत नाही असे सांगितले, परंतु घरी लागणाऱ्या शुश्रूषेचा खर्च केंद्र सरकारने करायचा की प्रांताने, हा वाद मिटेना. मूल बिगरआदिवासी असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता. दोन वर्षांहून अधिक काळ हा वाद चालू राहिला आणि २००५ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तो रुग्णालयातच वारला. घरात एक दिवसही राहणे त्याच्या वाट्याला आले नाही. त्याच्या कुटुंबाने आणि समाजाने चालवलेल्या मागणीतून ‘जॉर्डनचे तत्त्व’ पुढे आले: आदिवासी मुलाला आधी सेवा द्यावी, खर्च कोणाचा याचा हिशेब सरकारांनी नंतर आपसात मिटवावा. डिसेंबर २००७ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्याला पाठिंबा देणारा ठराव एकमताने संमत केला.

आता कल्पना करा की या मोहिमेचे मूल्यमापन २००८ मध्ये झाले आहे. एकमताचा ठराव, देशभर चर्चा, सर्व पक्षांचा पाठिंबा. कोणताही मूल्यमापक तिला पूर्ण गुण देईल. प्रत्यक्षात मात्र सरकारने तत्त्वाची व्याख्या इतकी आवळली की अनेक अपंगत्वे असलेली आणि अनेक सेवा एकाच वेळी लागणारी मुलेच तिच्यात बसावीत, आणि त्यातही दोन सरकारांमधला वाद सिद्ध व्हायला हवा. त्या चौकटीत जवळपास कोणतेच प्रकरण बसेना. आदिवासी बालकांसाठी काम करणारी एक संस्था आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स (कॅनडातील ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणवणाऱ्या आदिवासी समाजांची राष्ट्रीय संघटना) यांनी ठरावाच्या आधीच, २००७ च्या सुरुवातीस, मानवी हक्क लवादाकडे तक्रार नेली होती. तिचा निकाल २६ जानेवारी २०१६ रोजी लागला आणि सरकार भेदभाव करत असल्याचे त्यात ठरले. त्यानंतरही आदेशांमागून आदेश काढावे लागले. २०१७ च्या आदेशाने काळाची मर्यादा घातली: तातडीच्या अर्जावर १२ तासांत, इतर अर्जांवर ४८ तासांत निर्णय व्हावा.

ही तासांची मर्यादा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती तपासता येते. एकमताने संमत झालेल्या ठरावाला असे काहीही विचारता येत नाही. पुढे अर्जांचा अनुशेष साचला आणि संस्थेला पुन्हा लवादाकडे जावे लागले, तेव्हा सरकार कुठे चुकते आहे हे दाखवायला तिच्या हातात हीच पट्टी होती.

जाणकारांनी यावर मत द्यावे. विशेषतः मृत्युदराविषयीचे माझे विधान कोणाला खटकत असेल तर जरूर लिहावे.


आकडेमोड

सार्वजनिक आरोग्याची आकडेवारी हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून लिहिते. तुमचे विधान मला खटकलेही आणि काही अंशी पटलेही.

पटले ते असे. ऑस्ट्रेलियात ‘क्लोज द गॅप’ ही मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. त्यामागे २००५ मध्ये तेथील आदिवासी सामाजिक न्याय आयुक्त टॉम काल्मा यांनी आपल्या अहवालात केलेली मागणी होती, की आदिवासी आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी यांना २५ वर्षांत आरोग्याची समानता मिळाली पाहिजे. त्या काळी आयुर्मानातील तफावत सुमारे १७ वर्षे असल्याचे सांगितले जाई आणि मोहिमेच्या प्रचारात हा आकडा सर्वत्र होता. २००९ मध्ये तेथील सांख्यिकी कार्यालयाने गणनेची पद्धत बदलली आणि २००५ ते २००७ या काळासाठी तफावत पुरुषांत ११.५ वर्षे व स्त्रियांत ९.७ वर्षे निघाली. एकाही माणसाचे आयुष्य वाढलेले नसताना कागदावरची तफावत साडेपाच ते सात वर्षांनी कमी झाली. पद्धत न पाहता हे दोन आकडे शेजारी ठेवणारा माणूस मोहिमेला अफाट यश मिळाले असे म्हणेल. त्यानंतरचे आकडे पाहा: २०१५ ते २०१७ साठी पुरुषांत ८.६ व स्त्रियांत ७.८, आणि २०२० ते २०२२ साठी ८.८ व ८.१. म्हणजे शेवटच्या टप्प्यात तफावत किंचित वाढलेलीच दिसते.

बालमृत्यूंचेही तसेच. २००८ मध्ये सरकारांनी पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्युदरातील तफावत २०१८ पर्यंत निम्मी करण्याचे लक्ष्य ठेवले होते. आदिवासी बालकांचा मृत्युदर त्या दशकात काहीसा उतरला, पण इतर बालकांचा अधिक वेगाने उतरला, त्यामुळे तफावत काही निम्मी झाली नाही. हे अपयश म्हणायचे की अर्धे यश, याचे उत्तर आकड्यात नसते. तफावत मोजायची की प्रत्यक्ष दर, या आधीच केलेल्या निवडीत ते असते.

छोट्या समाजांत तर अडचण आणखी वाढते. एखाद्या वस्तीत वर्षाला १५ बाळे जन्मत असतील तर एकाच बाळाचा मृत्यू म्हणजे हजारी ६६.७ असा दर होतो आणि पुढच्या वर्षी तो शून्यावर येऊ शकतो. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षांच्या दरांवरून मोहिमेचा निकाल लावणे निरर्थक आहे. शिवाय दवाखाना जवळ आला आणि लोक विश्वासाने येऊ लागले की रोगाच्या नोंदी आधी वाढतातच, कारण पूर्वी जे दुखणे अंगावर काढले जाई ते आता कागदावर येते.

खटकले ते असे. या अडचणींमुळे आरोग्याचे परिणाम दुय्यम मानावेत असा तुमच्या लिखाणाचा रोख दिसतो, आणि तो मला मान्य नाही. अधिकार समाजाकडे आला, समिती बसली, निधी वळला, तरीही मुले त्याच गतीने दगावत राहिली तर त्या आईला आपण काय सांगणार? मोजणे अवघड आहे म्हणून मोजायचेच नाही, ही सवलत प्रशासनाला फार सोयीची असते.


उंबरठा

आकडेमोड यांच्या प्रतिसादाला जोडून ऑस्ट्रेलियाविषयी आणखी थोडे. २००८ ची लक्ष्ये सरकारांनी ठरवलेली होती. जुलै २०२० मध्ये जो राष्ट्रीय करार झाला तो प्रथमच आदिवासी समाजांच्या स्वतःच्या संस्थांच्या आघाडीबरोबर झाला. त्यात आयुर्मानासारखी लक्ष्ये आहेतच, पण त्यांच्या आधी चार प्राधान्यसुधारणा घातल्या आहेत: निर्णय एकत्र घेणे, समाजाच्या ताब्यातील संस्था बळकट करणे, सरकारी यंत्रणांनी स्वतःला बदलणे, आणि आकडेवारी समाजाला उपलब्ध करून देणे. नदीकाठ ज्याला पहिली चौकशी म्हणतात ती येथे करारातच उतरली आहे. २०२४ च्या सुरुवातीला उत्पादकता आयोगाने (सरकारला सल्ला देणारी तेथील स्वतंत्र संस्था) या कराराचा आढावा घेतला आणि सरकारांनी दिलेली वचने मोठ्या प्रमाणावर पाळली नसल्याचा निष्कर्ष काढला. हा आढावा मला आयुर्मानाच्या तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी वाटतो, कारण काम नेमके कुठे अडले आहे ते त्यातून कळते.

परंतु मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. मिळालेले टिकले का, असे नदीकाठ विचारतात. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाने वैतांगी न्यायाधिकरणापुढे (माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातील वैतांगी कराराच्या भंगाचे दावे ऐकणारी संस्था) आरोग्याविषयीचे दावे नेले. २०१९ च्या अहवालात न्यायाधिकरणाने प्राथमिक आरोग्यसेवेत कराराचा भंग झाल्याचे म्हटले आणि स्वतंत्र माओरी आरोग्य प्राधिकरणाचा विचार व्हावा असे सुचवले. १ जुलै २०२२ रोजी ‘ते आका व्हाय ओरा’ हे प्राधिकरण सुरू झाले. सरकार बदलले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ते मोडणारा कायदा तातडीने संमत करण्यात आला. विधेयक सभागृहात आले तेव्हा न्यायाधिकरणाची याच विषयावरची तातडीची सुनावणी दोन दिवसांवर होती. ‘टिकले का’ ही एकमेव कसोटी लावली तर अनेक दशकांच्या या प्रयत्नाला शून्य गुण द्यावे लागतील. ते मला अन्यायाचे वाटते. न्यायाधिकरणाचे निष्कर्ष नोंदलेले आहेत, दोन वर्षांत घडलेली माणसे आहेत, आणि स्थानिक पातळीवरील इवी-माओरी (इवी म्हणजे माओरी जमाती) भागीदारी मंडळे कायद्यात राहिली आहेत.

उलट बाजूचे उदाहरण ब्राझीलचे. तेथे १९९९ च्या कायद्याने आदिवासींसाठी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेअंतर्गत वेगळी उपव्यवस्था उभी राहिली आणि तिचे ३४ विशेष जिल्हे आहेत. आदिवासी संघटनांच्या दीर्घ मागणीनंतर २०१० मध्ये आरोग्य मंत्रालयात त्यासाठी स्वतंत्र सचिवालय झाले. २०१९ मध्ये ही जबाबदारी नगरपालिकांकडे देण्याचा बेत पुढे आला. तेव्हा देशभर आदिवासी रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. या मोहिमेने काय ‘मिळवले’? कोणताही निर्देशक वर गेला नाही, नवी सेवा सुरू झाली नाही. एक मोडतोड टळली, इतकेच. आणि टळलेली गोष्ट कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. मात्र व्यवस्था राहिली म्हणजे ती चालते असेही नाही: जानेवारी २०२३ मध्ये यानोमामी प्रदेशात आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली, तीही याच उपव्यवस्थेच्या छत्राखाली. बेकायदा सोन्याच्या खाणी, हिवताप आणि उपासमार यांनी तेथे जे घडले ते पाहिले की आकडेमोड यांचा आग्रह मला पटतो.


नदीकाठ

दोघांचेही आभार. माझी मांडणी मी दुरुस्त करतो.

आरोग्याचे परिणाम दुय्यम आहेत असे मला म्हणायचे नव्हते, पण लिहिले तसेच गेले. मुद्दा क्रमाचा आहे. मोहिमेचा थेट हात जिथे पोचतो तो निर्णय, नियम, निधी आणि वागणूक यांच्यापर्यंत. मृत्युदर त्याच्या पुढे, अनेक वर्षांनी आणि इतर अनेक कारणांबरोबर हलतो. घर, पाणी, अन्न, जमीन हे सारे त्यात येते. म्हणून पहिल्या दोन-चार वर्षांत अधिकार व निधी यांची चौकशी करावी आणि दहा-पंधरा वर्षांनी आरोग्याचे परिणाम अवश्य तपासावेत. आणि दुसरी तपासणी कोण, कोणत्या पैशातून करणार हे मोहीम सुरू होतानाच ठरलेले असावे. आज ती दुसरी तपासणी बहुधा होतच नाही, कारण तोपर्यंत देणगीदाराचे लक्ष दुसऱ्या विषयाकडे गेलेले असते.

‘टिकले का’ याबद्दल उंबरठा यांचे म्हणणे मान्य. प्राधिकरण मोडले हे सरकारच्या खाती लिहावे, मोहिमेच्या नाही. मोहिमेकडे विचारायचा प्रश्न हा, की मोडल्यानंतर पुन्हा उभे राहण्यासाठी लागणारी माणसे, नोंदी आणि परस्परांवरचा विश्वास समाजात उरला आहे का. सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ मध्ये आदिवासींनी स्वतः चालवलेला पहिला दवाखाना निघाला. त्याच्या पहिल्या वर्षाचे मूल्यमापन रुग्णसंख्येवर झाले असते तर एका उपनगरातील लहानसा दवाखाना एवढीच नोंद झाली असती. आज त्या देशात समाजाच्या ताब्यातील अशा सेवांचे मोठे जाळे आहे आणि २०२० च्या करारात बोलणी करायला बसलेली माणसे त्याच परंपरेतली होती.


पूर्वरंग

चर्चा उत्तम चालली आहे, पण मूल्यमापन कोण करते याकडे अजून कोणी वळलेले नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुखापत तिथेच होते.

अॅरिझोनातील हवासुपाई समाजाने १९९० च्या दशकाच्या आरंभी मधुमेहाच्या अभ्यासासाठी एका विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे ते नमुने मानसिक आजार, आंतरविवाह आणि समाजाचे पूर्वीचे स्थलांतर अशा विषयांसाठी वापरले गेल्याचे उघड झाले. हे विषय समाजाला न विचारता निवडलेले होते आणि त्यांतले काही त्याच्या श्रद्धांना थेट छेद देणारे होते. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर देण्यात आले आणि उरलेले नमुने परत करण्यात आले. हे संशोधनाचे उदाहरण आहे, मूल्यमापनाचे नाही, असे कोणी म्हणेल. पण माहिती देणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नसतो. कोणीतरी बाहेरून येतो, आपल्या घरातल्या आजारपणाविषयी आणि मृत्यूविषयी विचारतो, लिहून घेतो आणि निघून जातो.

कॅनडातील फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये स्वतःच्या आरोग्य सर्वेक्षणाच्या निमित्ताने यावर चार तत्त्वे मांडली: माहितीची मालकी समाजाची, नियंत्रण समाजाचे, ती पाहण्याचा हक्क समाजाला, आणि ती प्रत्यक्ष ठेवायचीही समाजाच्याच ताब्यात. शेवटचे तत्त्व लोक सहसा विसरतात, पण माझ्या लेखी तेच निर्णायक आहे. मालकी कागदावर देऊन संगणकातली फाइल स्वतःकडे ठेवणारे अनेक असतात.

आणखी एक. मोहिमेत वर्षानुवर्षे राबणाऱ्या स्थानिक माणसांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, या कामाची काय किंमत मोजावी लागली हे मूल्यमापनात आले पाहिजे. आपल्या मुलाच्या मृत्यूची कहाणी प्रत्येक समितीपुढे, प्रत्येक वार्ताहरापुढे आणि शेवटी प्रत्येक मूल्यमापकापुढे पुन्हा सांगायची, यात मनाची जी झीज होते ती कोणत्या रकान्यात लिहायची? मोहीम यशस्वी झाली आणि ती उभी करणारी माणसे आतून संपली, असे झाले असेल तर अहवालात ते लिहिलेच पाहिजे.


आकडेमोड

पूर्वरंग यांचा शेवटचा परिच्छेद वाचून बराच वेळ काही सुचले नाही. पुरावा म्हणून मागितलेली कहाणी एकदाच नोंदवावी, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि अटींवर ठेवावी, आणि नंतरच्या प्रत्येकाने आधी ती नोंद वाचावी, एवढे तरी आपल्या व्यवसायाला सहज करता येईल.

श्रेयाचा प्रश्न अजून राहिला आहे. बदल झाला तो मोहिमेमुळेच, हे कसे ठरवायचे? तुलनेसाठी मोहीम न झालेला तसाच समाज सापडत नाही, आणि शोधणेही योग्य नाही. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील ग्रासी नॅरोज या आदिवासी समाजाचे उदाहरण माझ्या मनात आहे. १९६२ ते १९७० या काळात वरच्या अंगाच्या एका कागद व रसायन कारखान्यातून सुमारे ९ टन पारा नदीच्या पाण्यात सोडला गेला, मासे विषारी झाले, मासेमारी बंद झाली आणि उपजीविका गेली. १९७५ मध्ये मिनामाताच्या आजाराचे (पाऱ्याच्या विषबाधेने होणाऱ्या) जाणकार जपानी डॉक्टर तेथे येऊन तपासणी करून गेले. पाऱ्याने बाधित झालेल्यांसाठी समाजातच उपचारकेंद्र बांधण्याचा करार केंद्र सरकारने केला तो एप्रिल २०२० मध्ये, १ कोटी ९५ लाख कॅनेडियन डॉलरचा. पन्नास वर्षांच्या या वाटेवर न्यायालये, वैज्ञानिक, रस्ता अडवणारे तरुण, निवडणुका, वृत्तपत्रे असे सारे आहे. यातले किती टक्के श्रेय कोणाचे, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्याऐवजी दर टप्प्यावर असे विचारावे: हा निर्णय झाला त्याच्या लगेच आधी काय घडले होते, निर्णय घेणाऱ्यांनी स्वतःच्या कागदपत्रांत कोणते कारण लिहिले, आणि मोहीम नसती तर हाच निर्णय झाला असता असे मानायला काही आधार आहे का? पुरावा असा साखळीने जोडत गेल्यावर ठाम आकडा हाती येत नाही, पण कोणती कडी पक्की आणि कोणती कच्ची ते दिसते.


नदीकाठ

श्रेयाबद्दल पूर्ण सहमत. ग्रासी नॅरोजचे मूल्यमापन १९८० मध्ये केले असते तर काय लिहिले गेले असते, हा विचार मनातून जात नाही.

पूर्वरंग यांच्या मुद्द्यावर एक व्यवहार्य सूचना करून थांबतो. मोहिमेच्या आरंभी समाजाच्या सभेत एकच प्रश्न विचारावा: पाच वर्षांनी काय दिसले म्हणजे तुम्ही म्हणाल की हे करण्यात अर्थ होता? उत्तरे त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत टिपावीत. कोणी म्हणेल की बाळंतपणासाठी शेकडो किलोमीटर दूर एकटीने जावे लागू नये. कोणी म्हणेल की तपासणीच्या खोलीत आपली भाषा बोलणारे माणूस असावे, किंवा आजीचे औषध घेतो हे डॉक्टरला सांगताना अपमान होऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील २४ वे कलम पारंपरिक औषधांचा हक्क आणि भेदभावाविना आरोग्यसेवेचा हक्क एकत्र मांडते, तेव्हा या अपेक्षा भाबड्या नाहीत, हक्काच्याच आहेत. पाच वर्षांनी मूल्यमापकाने प्रथम ही यादी घेऊन त्याच सभेत जावे, त्यांचे उत्तर ऐकावे, आणि मृत्युदराचे तक्ते नंतर उघडावेत. अहवालाचा मसुदाही आधी त्या सभेत, त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. तिथे ज्या वाक्यावर हरकत येईल ते वाक्य हरकतीसह छापावे, आणि त्यानंतरच प्रत देणगीदाराकडे जावी.